आक्कांच्या परड्यातली खोली

आमच्या घरमालकिणीनं मला पहिला प्रश्न विचारला तो असा : "पोर लगीच पायजे, का थांबणार?"

लग्नाला महिनासुद्धा झाला नव्हता. आम्ही दोघं कोल्हापुरात मंगळवार पेठेत खोली बघायला गेलो होतो. आमचे हे बाजार समितीत कारकून. भाड्याचं बोलायला त्यांनी तोंड उघडलं होतं, ते उघडंच राहिलं. मग ते वर छपराकडं बघत बसले. मी गारगोटीच्या शाळामास्तरांची मुलगी. नवऱ्याजवळ पाणी मागायचीसुद्धा मला तेव्हा लाज वाटायची. आणि ही बाई दारात उभी राहून, गल्लीतनं सायकलवर जाणाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात हे विचारत होती.

"आगं सांग की. थांबणार असशील तर दवाखान्यात घिऊन जातो. न्हाई तर बाळंतपणाला म्हायारी जाणार का हितंच, ते ठरवून टाकू."

आमच्या भागात बायका 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात, त्याचं मला नवल नव्हतं. बाकी सगळ्याचंच होतं. परत जाताना मी ह्यांना म्हटलं, ही बाई वेडी आहे, इथं नको. पण खोलीत उजेड होता, अंगणात नळ होता आणि नळाला पाणी होतं. आम्ही राहायला गेलो.

सगळी पेठ त्यांना आक्का म्हणायची, म्हणून आम्हीही. पन्नाशी ओलांडलेल्या, किडकिडीत, पांढरं पातळ. नवरा तरुणपणीच गेलेला, मूलबाळ नाही. मधे अंगण, भोवतीनं चार बिऱ्हाडं, मागं परडं, एवढं त्यांचं राज्य. जातीनं जैन आणि धर्माला पक्क्या. दिवस मावळायच्या आत जेवायच्या, पाणी फडक्यानं गाळून प्यायच्या, कांदा-बटाट्याला हात लावायच्या नाहीत. अंगणात मुंग्यांची रांग दिसली की साखर टाकत टाकत ती परड्याच्या कडेला नेऊन सोडायच्या, आणि तोवर आम्ही कुणी अंगणात पाय ठेवायचा नाही. एकदा आमचे हे ऑफिसला उशीर होतो म्हणून त्या रांगेवरनं उडी मारून गेले, तर संध्याकाळपर्यंत त्यांचा उद्धार चालला होता.

आणि ह्याच बाईच्या तुरीच्या डाळीच्या डब्यात सरकारी निरोधाची पाकिटं असायची. दवाखान्यातनं फुकट मिळायची, ती आणून ठेवायच्या. एकदा पौर्णिमेला त्या बस्तीत, म्हणजे त्यांच्या देवळात, जाऊन आल्या आणि घरोघर खोबरं वाटलं. ह्यांच्या हातावर खोबरं ठेवलं आणि त्याच्यावर ते पाकीट ठेवलं. शेजारचे दोघं पुरुष दाढी करत बसले होते, त्यांच्यादेखत. वर म्हणाल्या, "पोरगी लहान हाय. जरा दमानं." ह्यांचे कान लाल झाले. पुढं कितीतरी दिवस हे पुढच्या दारानं यायचे बंद झाले, परड्यातनं चोरासारखे यायचे.

मी रडले त्या दिवशी. म्हटलं, देवाचं खोबरं आणि हे, एका हातानं? आक्कांना ते कळलं तर त्या माझ्या दारात येऊन म्हणाल्या, "रडायला काय झालं? त्यो देव काय आभाळातनं पडला व्हय? त्येला बी आईच हुती की."

आक्का बायकांना दवाखान्यात घेऊन जायच्या, हा त्यांचा उद्योग. कुणी लावलेला नाही, कुणी सांगितलेला नाही. उन्हाळा असो, पावसाळा असो, काखेत काळी छत्री. तांबी बसवायची असो, दिवस राहिलेत का ते बघायचं असो, राहत नाहीत म्हणून दाखवायचं असो, टांग्यात बाईशेजारी आक्का. तपासायच्या खोलीतसुद्धा आत शिरायच्या आणि डॉक्टरणीनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर बाईच्या आधी स्वतः द्यायच्या. "पाळी कधी आली होती?" म्हटलं की ह्या म्हणणार, "आमुश्याच्या दुसऱ्या दिशी." आणि ते खरं असायचं.

खरं असायचं कारण परड्यातली खोली. पत्र्याची, न्हाणीच्या पलीकडं, एक खाट आणि एक घोंगडं. त्या वेळी बहुतेक घरांत बायका ते तीन दिवस बाजूला बसायच्या. भाड्याच्या एका खोलीत बाजू कुठली असणार, म्हणून आक्कांनी सगळ्या बिऱ्हाडांत मिळून ही एक खोली करून दिली होती. तिथं बसलेल्या बाईला कुणी शिवायचं नाही, ताट-तांब्या लांबनं सरकवायचा. आता कुठल्या घरची बाई कधी आत गेली आणि कधी गेलीच नाही, हे आक्कांना चुलीपुढं बसून दिसायचं. सूनबाईला कळायच्या आत आक्कांना कळायचं, आणि आक्कांना कळलं की पेठेला कळायचं.

त्यातनंच माझा तमाशा झाला. मला तिथं जाऊन दोन-अडीच महिने झाले असतील. एके दिवशी सकाळी दार उघडते तर दारात चिंचा, कैऱ्या, एका वाटीत खारातली मिरची, आणि आक्का अंगणाच्या मधे उभ्या राहून सांगताहेत, "आमच्या गारगोटीला दिवस गेल्यात." मला त्या गावाच्या नावानंच हाक मारायच्या. नळावरच्या बायका तोंडाला पदर लावून हसताहेत. ह्यांनी अर्धी दाढी तशीच ठेवून मला आत बोलावलं आणि कुजबुजले, "मला कसं नाही सांगितलंस?"

काय सांगणार कपाळ? मला काही झालंच नव्हतं. झालं होतं ते एवढंच, की मी त्या खोलीत एकदाही गेले नव्हते. आमचे वडील हे विटाळ-चांडाळ मानायचे नाहीत. आमच्या घरात आई त्या दिवसांत स्वयंपाक करायची, देवाला फुलंसुद्धा घालायची. मला हे असतं हे ठाऊक होतं, पण आपल्यालाही ते करायचंय हे डोक्यातच आलं नाही. मी गेले आणि आक्कांना सरळ सांगितलं.

आक्कांचा चेहरा पांढरा पडला. "म्हंजे, तसलीच नळाला शिवलीस?"

"हो."

"माझ्या पापडाच्या लाटीला?"

"त्यालासुद्धा."

त्या तिथंच खाली बसल्या. वर्षाचे पापड झाले होते, आणि मी चारही बिऱ्हाडांचे लाटले होते. मला वाटलं, आता सामान बाहेर पडतंय. पण आक्का उठल्या आणि म्हणाल्या, "तुझ्या बाचं डोस्कं फिरलंय. पापड टाकायचं न्हाईत, कुणाला सांगू नगो. आन तू बसू नगो, पर पाळी आली की मला यिऊन सांगायचं. मला कळाय पायजे." मग जरा विचार करून म्हणाल्या, "न्हाई तरी बाटलेलीच हाईस. आजपासनं परड्यातल्या बायकास्नी चहा-भाकरी तू न्यायची. तुला काय शिवाशिव लागत न्हाई."

असं ते काम माझ्याकडं आलं. ते आलं नसतं तर मालनताई गेली असती.

मालनताई आमच्या समोरच्या बिऱ्हाडात. नवरा फौंड्रीत कामाला आणि सकाळ-संध्याकाळ तालमीत, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणत. तीन मुली, आणि घरात सासू. धाकटीच्या बाळंतपणात मालनताई मरता मरता वाचली होती, एवढं मला ऐकून ठाऊक होतं. कमी बोलायची. माझ्याशी तेवढं बोलायची, कारण मी ताट सरकवून न देता आत जाऊन खाटेवर टेकायची.

त्या सकाळी मी चहा घेऊन गेले तर ती खाटेवरनं उठता उठता खाली कोसळली. ओठ निळे, श्वास वर लागलेला. मी कप टाकला आणि तिला काखेत धरून उचलली. पातळ सैल नेसली होती. माझा हात तिच्या पोटाला लागला आणि तिथंच थांबला. पोट घट्ट होतं. बेंबीच्या खाली हाताला गोळा लागत होता.

मी एकदम म्हटलं, "मालनताई, तू बाजूला कशाला बसलीस?"

तिनं माझं मनगट धरलं. "वैनी, पाया पडतो. बोलू नगा कुणाला."

मग पत्र्याला पाठ लावून तिनं मला सगळं सांगितलं. मागच्या वेळी डॉक्टरांनी सासूला बजावलं होतं, हिच्या काळजात खोट आहे, पुन्हा पोर झालं तर ही जगणार नाही. सासूनं ते मुलाला सांगितलंच नाही. तिला नातू पाहिजे होता. चंदगडकडच्या कुणा देवऋष्यानं सांगितलं होतं, पुढच्या खेपेला मुलगा. आता दिवस गेलेले सासूला कळले असते तर तिनं सुनेला उचलून गावाकडं नेलं असतं, आणि तिकडं पावसापाण्यात ना डॉक्टर ना औषध. म्हणून मालनताई दर महिन्याला वेळ आली की या खोलीत येऊन बसायची. तीन दिवस बसायची, न्हाऊन घरात जायची. सासू बिनघोर.

"हितं कोण शिवायला येतंय मला?" ती म्हणाली. "पदराखाली बघणार कोण?"

"आणि पुढं काय करणार होतीस?"

"येत्या रविवारी गडहिंग्लजला जाणार. तितं एक म्हातारी हाय, काडी घालून पोट पाडती. येक घटकाभर दुखतंय म्हणं."

गारगोटीला आमच्या शेजारची एक बाई असल्याच काडीनं गेली होती. मी लहान होते, पण तिच्या घरातनं धुवायला काढलेल्या वाकळा मी बघितल्या होत्या. मी मालनताईला एवढंच म्हटलं, की मी कुणाला सांगणार नाही असं म्हणणार नाही. आणि संध्याकाळी जाऊन आक्कांना सांगितलं.

आक्का जेवायला बसल्या होत्या. दिवस मावळायला थोडाच अवकाश होता. हातातला घास त्यांनी ताटात ठेवला आणि माझ्याकडं बघतच राहिल्या. सगळ्या पेठेतल्या बायकांचं ज्यांना ठाऊक, त्यांच्याच परड्यात, त्यांच्याच खोलीत, त्यांच्या डोळ्यांसमोर हे तीन महिने चाललं होतं. ताट तसंच सोडून त्या उठल्या आणि परड्यात गेल्या. मी मागनं.

मालनताई त्यांना बघून भिंतीकडं सरकली. सवयीनं म्हणाली, "आक्का, शिवू नगा."

"तुला काय झालंय म्हणून शिवू नगो?" असं म्हणून आक्का आत गेल्या, खाटेवर बसल्या आणि तिच्या पोटावर हात ठेवला. कितीतरी वेळ ठेवला. बाहेर आल्या तेव्हा दिवस मावळला होता, त्यामुळं त्या रात्री त्या उपाशी राहिल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता टांगा. सासूला सांगायची गरजच नव्हती, तिच्या लेखी सून परड्यात बाजूला बसलेली होती. थोरल्या दवाखान्यातली डॉक्टरीण तरुण होती. तिनं तपासलं, छातीला नळी लावली आणि आम्हाला बाहेर बोलावून घेतलं. म्हणाली, "चौथा महिना सरत आलाय. हिच्या हृदयाची झडप खराब आहे. दिवस भरेपर्यंत ही टिकेल असं मला वाटत नाही. कायदा झालाय आता, गर्भ काढता येतो. धोका त्यातही आहे, पण ठेवण्यापेक्षा कमी. दुसऱ्या डॉक्टरांचं मत लागतं, ते मी घेते. तुम्ही नवऱ्याला घेऊन या."

"तिची ती तयार हाय की," आक्का म्हणाल्या.

"नवऱ्याशिवाय मी हात लावणार नाही. उद्या माझ्यावर येईल."

कायद्यानं सज्ञान बाईचं स्वतःचं हो पुरेसं होतं, नवऱ्याची गरजच नव्हती, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. कळलं तेव्हा माझा असा संताप झाला की दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. पण त्या वेळी सगळे दवाखाने नवराच मागायचे, आणि आम्हाला वाटायचं, असेल बाबा कायदा.

आक्कांनी मालनताईला बाकावर बसवलं, मला हाताला धरलं आणि टांगेवाल्याला सांगितलं, "तालमीकडं घे."

कोल्हापुरात ज्यानं जन्म काढला त्याला सांगायला नको. बाईमाणूस तालमीत जात नाही. पोराला हाक मारायचीसुद्धा कोपऱ्यावरनं, दुसऱ्या पोराकरवी. मी टांग्यातनं उतरायलाच तयार नव्हते. आक्का तरातरा गेल्या आणि उंबऱ्याला पाय लावून उभ्या राहिल्या. आत तांबड्या मातीत जोड्या लागल्या होत्या, दहा-पंधरा लंगोटवाले, अंगाला माती, आणि दारात ही पांढऱ्या पातळातली छत्रीवाली बाई. सगळे होते तिथं थांबले.

वस्ताद पुढं आले. वयस्क माणूस. हात जोडून म्हणाले, "आक्का, बायकांनी हितं यायचं नसतंय. म्हाईत हाय न्हवं तुमास्नी?"

"म्हाईत हाय. म्हणून तर उंबऱ्याभाईर हाय. मालनच्या पैलवानाला भाईर पाठवा, न्हाई तर मी आत येतो."

पैलवान बाहेर आला. टांग्यात मला बघून त्यानं घाईनं पंचा गुंडाळला. आक्कांनी त्याला बाजूलासुद्धा घेतलं नाही.

"तुझी बायकू पोटुशी हाय. ठावं हाय तुला?"

"न्हाई बा. परवाच बाजूला बसलीया की ती."

आत कुणीतरी फिदीफिदी हसलं.

"चौथा सरत आलाय. बाजूला बसती ती तुमास्नी फसवायला. मागल्या खेपेला डाक्टरनं काय सांगितलं हुतं?"

"आई म्हणली, समदं बरं हाय."

"काय बरं न्हाई. तिच्या काळजाची झडप गेलीया. हे बाळंतपण झालं की ती मरणार, आन तुझ्या आईला ते म्हाईत हाय. दवाखान्यात बाकड्यावर बसलीया ती. डाक्टर नवरा मागाल्यात. चल."

हसणारा गप्प झाला होता. पैलवान एवढा थोरला गडी, पायरीवर मटकन बसला. कितीतरी वेळ अंगावरची माती चोळत राहिला. मग हळूच म्हणाला, "आईला इचारून येतो."

"ये की इचारून," आक्का म्हणाल्या. "तवर मी तिरडीला बांबू बघून येतो."

मी तोंडावर हात ठेवला. भर सकाळी, तालमीच्या दारात, जित्या बाईच्या तिरडीचं बोलणं. पुरुषांच्या तोंडातनंसुद्धा असलं ऐकलं नव्हतं मी. पैलवानानं वर बघितलं तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. वस्तादांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "ऊठ. धोतार गुंडाळ आन जा. म्हातारीला काय सांगायचं ते मी सांगतो."

तो तसाच, मातीच्या अंगानं, आमच्या टांग्यात मागं पाय सोडून बसला. डॉक्टरणीपुढं उभा राहून "व्हय" म्हणाला. एवढंच बोलला. मालनताईनं त्याच्याकडं बघितलं नाही.

मालनताई वाचली. आठवडाभर ठेवून घेतली होती. तिच्या जिवाला आणखी शस्त्रक्रिया झेपणार नाही, तेव्हा नसबंदी नवऱ्याचीच करून घ्या असं डॉक्टरणीनं सांगितलं, आणि पैलवानाची बोबडी वळली. आक्कांना विचारतो कसा, "ताकद जाईल की वो?" आक्का म्हणाल्या, "ताकद काय तितं ठिवलीयास व्हय?" ते ऐकून मी दवाखान्याच्या व्हरांड्यातनं पळून गेले. पण तो गेला, करून आला, आणि पुढच्या वर्षी जत्रेत कुस्ती मारलीसुद्धा.

मालनताईला घरी आणली त्या दिवशी सासू अंगणाच्या मधे येऊन उभी राहिली. सगळी बिऱ्हाडं दारात. म्हातारीनं पदर पसरून छाती बडवायला सुरुवात केली. "पाणी गाळून पिती म्हणं. मुंगी मारत न्हाई म्हणं. माझा नातू खाल्लास की गं, रांडे. कुठल्या नरकात फेडशील?"

माझं डोकं फिरलं. मी पुढं होऊन म्हटलं, "म्हातारे, डॉक्टरांनी तुला बजावलं होतं ते सांगू का सगळ्यांना?" पण आक्कांनी माझा दंड धरून मला मागं ओढलं. तालमीत शिरायला निघालेली बाई, एका शब्दानं बोलली नाही. खालमानेनं आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

तीन दिवस त्या जेवल्या नाहीत. गाळलेलं पाणी, तेही दिवसाचं. चौथ्या दिवशी मला राहवेना. मी आत गेले. भिंतीला टेकून बसल्या होत्या, जपमाळ मांडीवर. मी माझ्या परीनं समजूत घालायला लागले. म्हटलं, "आक्का, त्या म्हातारीचं काय मनावर घेता? तुम्ही कुणाला मारलं नाही. कायदा आहे, डॉक्टर आहेत. तुम्ही उलट जीव वाचवलात."

"गप," त्या म्हणाल्या. आवाज एवढा बारीक की मला पुढं सरकावं लागलं. "मला फशिवू नगो. मारला की. माझा हात लागला हुता त्येला, परड्यात त्या दिशी. जितं हुतं ते. म्हातारी खोटं न्हाई बोलली."

मी म्हटलं, "मग मालनताई?"

"मालन जगली, ते बी खरंच हाय. येक घालिवला, येक राखला. दोन्ही माझ्याच हातानं. देवाम्होरं मी त्यातलं येकच सांगणार न्हाई."

मी विचारलं, "आक्का, उद्या पुन्हा अशी कुणी आली तर?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की हा काय प्रश्न झाला.

"तर काय? तुला टांगा आणाय लावीन."

आम्ही तिथं होतो तोवर तशा आणखी दोघी आल्या. दोन्ही वेळा टांगा मीच बोलावून आणला. दोन्ही बायका जगल्या, आणि दोन्ही वेळा आक्का परत येऊन तीन दिवस जेवल्या नाहीत.